म्हातारा ही पदवी

बर्नाबी (कॅनडा),
१२ नोव्हेंबर २०१७

प्रिय रवीस,

वडील भावाला पत्र लिहिताना आरंभी ‘तीर्थरूप’ लिहावं आणि पाठोपाठ साष्टांग नमस्कार घालावा, हे आपल्याला शाळेत शिकवलं होतं आणि मला ते अजून येतं. पण तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मिरज स्टेशनवर, तुझ्या वर्गातल्या तीन मुलींच्या देखत, मी तुला ‘दादा’ अशी मोठ्याने हाक मारली आणि घरी आल्यावर तू माझा कान पिळून सांगितलंस की पुन्हा दादा म्हणालास तर बघ, दादा म्हटलं की मी थोराड वाटतो. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. आज एकोणसत्तर पूर्ण आहेत आणि कानाची ती पाळी थंडीत अजून ठणकते (इथे थंडी पुष्कळ आहे), म्हणून आपलं नुसतं ‘प्रिय रवी’. नमस्कार मनातल्या मनात केला आहे, तो पोचला असं समज.

प्रकृतीची चौकशीही मी करत नाही. केली तर तू ‘ठणठणीत’ असा एक शब्द पाठवशील, आणि व्हॉट्सॲपवर केली तर नुसता अंगठा. चौकशी मी अरुणावहिनींकडे केली आहे. वाचनालयाच्या पायऱ्यांवरून तू गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा पडलास आणि उचलायला आलेल्या माणसांना ‘मी चपलेचा अंगठा तुटलाय का बघत होतो’ असं सांगितलंस (उताणा पडून?), हे मला कळलं आहे. डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली, ती आणली, पण तू तिला एकदाही हात लावलेला नाहीस आणि वहिनी तिने माळ्यावरचे डबे खाली ओढतात, हेही कळलं आहे. फोनवर हे सांगताना त्या हसत होत्या आणि हसता हसता एकाएकी रडायला लागल्या. पुढच्या खेपेला खुबा मोडला तर मी एकटी काय करू भावजी, म्हणाल्या. असो. काठीविषयी या पत्रात मी आणखी एक अक्षर लिहिणार नाही. तू रागावतोस, आणि रागावलास की पत्र अर्ध्यावर टाकतोस. हे पत्र पूर्ण वाच, कारण यात माझी फजिती आहे आणि माझी फजिती तुला लहानपणापासून आवडते.

आम्ही इथे एप्रिलपासून आहोत आणि सगळे कुशल आहोत. जयदीपचं ऑफिस, आमच्या नातीची शाळा, सगळं घड्याळावर चालतं. बिनघड्याळाचा असा घरात मी एकटाच. पहिल्या महिन्यात मी त्याच्या बेसमेंटमधली सगळी खोकी विषयवार लावून त्यांवर क्रमांक घातले. (पाटबंधारे खात्याच्या रेकॉर्ड विभागात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार? आता त्याला विंटर टायर्स सापडत नाहीत, त्याला मी काय करू? नोंद पाहावी.) शेवटी तो वैतागून म्हणाला, “बाबा, इथे जवळच कम्युनिटी सेंटरला सीनियर्सचा ग्रुप आहे. सकाळी पार्कमध्ये एक्सरसाइज करतात. प्लीज, एकदा तरी ट्राय करा ना.” मला सीनियर्स हा शब्दच आवडला नाही. पण आमच्या सौ. नीरजाने चपला घातल्यासुद्धा होत्या, तेव्हा तिच्या सोबतीला म्हणून मी गेलो.

ग्रुप निघाला सगळा चिनी. पंधरा-वीस माणसं, सगळी सत्तरीच्या आसपासची, झाडाखाली रांगेत उभी राहून अगदी सावकाश हात हलवत होती. त्यांचे पुढारी म्हणजे फंग नावाचे निवृत्त भूगोलशिक्षक. त्यांची मुलगी कॅरल त्यांना गाडीने सोडायला येते आणि जरा वेळ थांबून दुभाषाचं काम करते. आता या लोकांची एक रीत अशी की नवा माणूस आला की नावापाठोपाठ त्याचं वय विचारायचं. आपल्याकडे कशी कुठल्या गावचे, कुणापैकी, अशी चौकशी होते, तसंच हे, पण वयाचं. फंग यांनी विचारलं आणि कॅरलने इंग्रजीत सांगितलं, आणि मी, काही कारण नसताना, ‘अठ्ठावन्न’ म्हणालो. नीरजाला ठसका लागला. अरे, मी अगदीच खोटं बोललो असंही नाही. सरकारने मला ज्या वयात घरी पाठवलं त्याच वयात मी तेव्हापासून राहतो आहे, कुणी त्याला हरकत घेतली नव्हती. शिवाय आदल्याच रविवारी केस काळे केलेले. (तीच आपली पूड. तुझ्या गच्चीवर आपण दोघं गळ्याभोवती वर्तमानपत्र गुंडाळून बसायचो आणि वहिनी ‘दोन कावळे वाळत घातलेत’ म्हणायच्या, ती. येताना सहा पाकिटं आणली.) मग कॅरलने मुलाचं वय विचारलं आणि मी बेसावधपणे बेचाळीस सांगितलं. म्हणजे सोळाव्या वर्षी मी बाप झालो. तिने मनात हिशेब केला असणार, कारण तिने नीरजाकडे फार सहानुभूतीने पाहिलं.

नीरजाने वय सांगितलंच नाही, तिच्या पांढऱ्या केसांनीच सांगितलं. त्यांनी तिला लगेच घडीची खुर्ची उघडून दिली, थर्मासमधला पहिला चहा दिला आणि एक संत्रं सोलून दिलं. तिला ते त्यांच्या भाषेत थोरली ताई म्हणू लागले. मला म्हणाले ‘श्याओ मो’. (माझ्या नावाचे त्यांनी परस्पर दोन तुकडे केले, मो हे आडनाव आणि हान हे नाव. ते त्यांच्यात बसतं म्हणे.) या श्याओचा अर्थ ‘श्रीयुत’ असणार असं धरून मी चांगले तीन महिने त्या हाकेला मान डोलावत होतो. फक्त एक गोष्ट मला कळत नव्हती. श्याओ मो अशी हाक आली की तिच्यामागून काहीतरी काम यायचं. श्याओ मो, गाण्याचा स्पीकर गाडीतून आण. श्याओ मो, खुर्च्या मांड. श्याओ मो, थर्मास. श्याओ मो, जमिनीवरची पानं झाड, आजी लोकांचे पाय घसरतील. व्यायामाला मी शेवटच्या रांगेत, चहाला शेवटचा, आणि संत्री माझ्यापर्यंत येईतो संपलेली. मला वाटलं, परदेशी पाहुणा म्हणून विश्वासाने जबाबदारी सोपवतात. आपणही नव्या जावयाला लग्नघरात काही ना काही करायला देतोच की.

ऑगस्टमध्ये एकदा आमची नात अस्मिता सोबत आली. तिच्या वर्गात निम्मी मुलं चिनी. मला हाक मारताना ऐकून ती खो-खो हसली. म्हणाली, “आजोबा, श्याओ मीन्स लिटल. लाइक, दे थिंक यू आर द किड!” मी तिला विचारलं, मग बाकीच्यांना काय म्हणतात? लाओ. फंग यांना लाओ फंग. लाओ म्हणजे काय? “ओल्ड,” ती म्हणाली. मला इतका आनंद झाला रवी! पंधरा-वीस म्हाताऱ्यांत मी एकटा छोटा. त्या दिवशी सगळ्या खुर्च्या मी गाणं म्हणत उचलल्या. तुला लगेच कळवणार होतो, पण कमरेत उसण भरली आणि राहून गेलं.

सप्टेंबरपासून इथे पाऊस लागतो आणि मग व्यायाम सेंटरच्या खोलीत होतो. तिथे एके दिवशी फंग यांनी घरून एक चित्र आणून भिंतीला लावलं. पांढरी शुभ्र दाढी, खांद्यापर्यंत लोंबणारे कान, आणि स्वारी एका बैलावर बसलेली. मला वाटलं, यांचे वडील असणार. चेहऱ्यात साम्यही होतं. मी जवळ जाऊन नमस्कार केला आणि योर फादर, व्हेरी हेल्दी, म्हणालो. आता कुठे असतात, असंही विचारलं. फंग यांना हसू आवरेना. मग ते त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, “नो फादर. एव्हरीबडी फादर. लाओ-त्झू.” 

हे लाओ-त्झू म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचे त्यांचे मोठे तत्त्वज्ञ, ताओ पंथाचे मूळपुरुष. मी रीतीप्रमाणे विचारलं, नाव लाओ आणि आडनाव त्झू का? कॅरलने सांगितलं, दोन्हीही नाही. त्झू म्हणजे गुरू, गुरुजी. इतर मोठ्या गुरूंच्या आडनावापुढे त्झू लावतात. पण यांना आडनावाने कुणी हाक मारलीच नाही. लाओ, म्हणजे म्हातारा. म्हातारे गुरुजी. बस्स. मी म्हटलं, अहो पण खरं नाव? तर फंग म्हणाले ली, दुसरे एक गृहस्थ म्हणाले तान, तिसऱ्या बाईंनी दोघांनाही गप्प केलं, आणि वीस मिनिटं व्यायाम बंद ठेवून त्यांच्यात वाद झाला. शेवटी ठरलं ते एवढंच की खात्रीने कुणालाच माहीत नाही, हा माणूस होऊन गेला की नाही हेसुद्धा नाही. पण म्हातारे होते यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

मला तेव्हा आपले आजोबा आठवले, आबा. तुला आठवतं? एकदा ‘विश्वनाथ’ या नावाने रजिस्टर पत्र आलं आणि तू आणि मी पोस्टमनला सांगितलं की असं कुणी इथे राहत नाही, आणि पत्र परत पाठवलं, आणि आबा मागच्या पडवीत दाढी करत बसले होते. गावाने ‘आबा’ म्हणून म्हणून त्यांचं नाव पुसून टाकलं होतं आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट कुणी विश्वनाथराव म्हटलं की ते मागे वळून बघायचे, कोण आलंय म्हणून. हे मी कॅरलला सांगितलं, तिने फंग यांना सांगितलं, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. श्याओ असूनही.

त्या गुरुजींच्या गोष्टी तर अशा आहेत की तुला आवडतील. म्हणे ते आईच्या पोटात ऐंशी-एक्याऐंशी वर्षं राहिले आणि जन्मले तेच पांढरे केस आणि दाढी घेऊन. (त्झूचा दुसरा अर्थ मूल असाही होतो, म्हणून ही गोष्ट. म्हातारं बाळ. नीरजा म्हणाली, असं एक माझ्या माहितीत आहे.) विचार कर, ज्याला जन्मतःच पांढरे केस, त्याच्यावर रंगवायची वेळच आली नाही. नोकरी त्यांची राजाच्या दप्तरखान्यात, म्हणजे अगदी आपल्याच खात्यातला माणूस. राज्यकारभाराला कंटाळून एक दिवस ते बैलावर बसून पश्चिमेकडे निघाले. सरहद्दीवरच्या नाकेदाराने अडवलं आणि म्हणाला, जे काही तुम्हाला कळलंय ते लेखी द्या, मगच जा. हे ऐकून मला भरून आलं. चार्ज दिल्याशिवाय रिलीव्ह करत नाहीत, हा नियम तेव्हाही होता! त्यांनी बसून पाच हजार अक्षरं लिहून दिली आणि गेले. तोच त्यांचा ग्रंथ.

आता मुख्य फजिती. ऑक्टोबरमध्ये सेंटरचा वार्षिक कार्यक्रम होता, पार्कमध्ये, आणि आम्ही सगळ्यांनी पांढरे सदरे घालून प्रात्यक्षिक करायचं होतं. त्या सकाळी मी केस काळे केले. पण अस्मिताने बाहेरून वॉशरूमचं दार बडवायला सुरुवात केली, आणि मी एक तांब्या ओतून बाहेर आलो. प्रात्यक्षिक सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला पाऊस आला. एकदा सुरू केलं की हे लोक पावसालाही थांबत नाहीत. मीही थांबलो नाही. हात सावकाश वर, हात सावकाश खाली, आणि मला वाटलं कानामागून घाम येतोय. समोर खुर्चीत बसलेल्या नीरजाने डोळ्यांवर हात घेतला तेव्हा मी खाली पाहिलं. सदऱ्यावर काळे ओघळ, रवी! दोन्ही कानांवरून, मानेवरून, नाकाच्या शेंड्यावरून. शेवटच्या रांगेत होतो म्हणून बरं, असं वाटतंय तोच सगळ्यांनी व्यायामातली गिरकी घेतली आणि अख्खा ग्रुप माझ्याकडे तोंड करून उभा राहिला.

कुणीही हसलं नाही. तेच मला सहन होईना. फंग रांग सोडून मागे आले, खिशातला रुमाल काढून त्यांनी माझं कपाळ पुसलं, खाली निघालेल्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “श्याओ मो. हाऊ ओल्ड?” मी म्हणालो, एकोणसत्तर. कॅरलने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, आणि तिने ते त्यांच्या भाषेत सांगताच एकच गलका झाला. फंग सदुसष्टचे निघाले! त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्या माणसाकडून त्यांनी सहा महिने खुर्च्या मांडून घेतल्या होत्या, पानं झाडून घेतली होती. त्यांना ओशाळं झालं. मला वाटलं होतं मी उघडा पडलो म्हणून मला लाज वाटेल, आणि इथे तेच दहा-दहा वेळा वाकून माझी माफी मागत होते. मला ओढत छपराखाली नेलं, खुर्चीवर बसवलं, चहा पहिला मला, संत्रं सोलून मला. आणि सगळ्यांनी एका सुरात हाक मारली, ‘लाओ मो!’ सहा महिने जी पदवी चुकवायला मी धडपडत होतो, ती मिळाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (काळं आलं, पण पाणीच होतं.) फंग यांनी मला एक लांबडी भेटवस्तूही दिली, तिचं वर्णन करायला इथे जागा नाही.

पण चहा पिता पिता त्यांनी विचारलं, तुमच्यापेक्षा मोठं घरात कुणी आहे का? मी अभिमानाने सांगितलं, आहे, भाऊ आहे, त्र्याहत्तर वर्षांचा. सगळे खूश झाले. मग त्यांना तुम्ही काय म्हणता? मी म्हटलं, रवी. कॅरलला वाटलं मी प्रश्न ऐकला नाही. तिने परत विचारलं, म्हणजे हाक मारताना काय म्हणता? मी म्हटलं, रवीच. तिने सांगितलं आणि चहा ओतता ओतता फंग यांचा हात थांबला. मग त्यांनी माझा कप काठोकाठ भरला, भले लोक आहेत. मी तो कान पिळल्याची हकीकत सांगत बसलो नाही. पण तेव्हापासून मला चैन नाही. चौपन्न वर्षं एक हाक माझ्या घशात अडकून आहे, आणि ती तुला द्यायची राहून गेली तर काय, असा विचार वहिनींच्या फोननंतर रोज येतो. तू माझ्यासाठी आपली पहिली सायकल सोडलीस, बाबा गेले तेव्हा तू माझी फी भरायला शिक्षण अर्धं टाकून नोकरी धरलीस, त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला थोराड दिसायची भीती वाटत असेल यात नवल ते काय? तुला वेळेआधी मोठं आम्हीच केलं. पण आता खरोखरच मोठा झालायस, तर ते मिळवलेलं का नाकारतोस? एका अख्ख्या देशाने आपल्या सर्वांत शहाण्या माणसाला कसलीही दुसरी पदवी शोधली नाही, नुसतं म्हातारा म्हटलं आणि पुरलं.

असो, फार लिहिलं. हे पत्र जयदीपच्या ऑफिसातला शैलेंद्र घेऊन येतोय, तो पुढच्या आठवड्यात सांगलीला घरी जातो आहे. त्याला चहा दे आणि त्याच्यासमोर जिना धावत चढून दाखवू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
लाओ मो
(तुझ्यापुढे श्याओच)

ता. क. शैलेंद्रने पत्रासोबत एक लहान पुडी दिली असेल. चॉकलेट समजून वहिनींना देऊ नकोस. ते काठीच्या टोकाला बसवायचं रबरी बूच आहे. ओल्या पायरीवरसुद्धा घसरत नाही, मी दुकानात फरशी ओली करायला लावून खात्री केली आहे. काठीविषयी अक्षर लिहिणार नाही म्हणालो होतो ते पत्राबद्दल, ताजा कलम त्यात धरत नाहीत, हे मी रेकॉर्ड विभागाच्या अनुभवावरून सांगतो.

ता. क. दुसरा. बुचं एका पाकिटात दोन आली होती. दुसरं माझ्याजवळ आहे. आता नीरजा वाचते आहे आणि खरं लिहा म्हणते आहे म्हणून लिहितो. फंग यांनी दिलेली ती लांबडी वस्तू म्हणजे काठी. फार सुंदर आहे, मुठीला बैलाचं डोकं कोरलेलं. ती मी त्या दिवशी घरी आणली आणि बेसमेंटमध्ये ठेवली, खोकं क्रमांक बावीसच्या मागे, आणि कुणाला सापडू नये म्हणून नोंदही केली नाही. गेल्या मंगळवारी ओल्या पानांवरून घसरलो. गुडघा टम्म सुजला आहे. जयदीपला सांगितलं, बुटाची नाडी बघत होतो.

म्हणून एक मागणं आहे. तू तुझी माळ्याखालून काढ, मी माझी बेसमेंटमधून काढतो, आणि दोघं बूच बसवून एकाच दिवशी बाहेर पडू, तू वाचनालयाकडे, मी पार्ककडे. फोटो पाठव, अंगठा नको. पण पहिला मान थोरल्याचा असतो, तो मला घेता येत नाही.

आधी तू काढ, दादा.